दुमडीतला दोरा

दोन माणसं सारखी दिसायला हवी असतील, तर त्यांना कधीही सारखे कपडे शिवू नयेत. हे वाक्य मी दोहा शहरात निदान शंभर जणांना ऐकवलं असेल. पहिल्यांदा ऐकणारा हसतो. मी हसत नाही, कारण या एका वाक्यावर माझी सगळी कारागिरी एकदा भर सभागृहात पणाला लागली होती, आणि कारागिरीबरोबर आणखीही एक गोष्ट.

मी बार्शीचा शिंपी. ऐन उमेदीची वर्षं कतारला काढली. सूक वाकिफ हा तिथला जुना बाजार. त्याची डागडुजी होऊन तो पाहुण्यांसाठी नटला, त्याच्या आधीपासून मागच्या गल्लीत आमचं दुकान होतं. आठ मशीन आणि एक मोठं टेबल. आमच्या धंद्यात शिवतो तो कारागीर आणि कापतो तो मास्तर. टेबल माझं होतं, म्हणून गल्लीतला चहावालासुद्धा मला मास्तरच म्हणायचा. निम्मं काम रास लफानच्या गॅस प्लांटवरल्या कामगारांच्या युनिफॉर्मचं, आणि निम्मं थोबचं. थोब म्हणजे तिथल्या पुरुषांचा पायघोळ पांढरा झगा. बाहेरून आलेल्याला सगळे थोब एकसारखे दिसतात. घालणाऱ्याला मात्र कॉलर अर्धं बोट चुकली तरी खपत नाही.

अबू सालेम नावाचा एक म्हातारा गिऱ्हाईक होता. दर ईदच्या आधी तीन थोब शिवायचा, पण टेप अंगाला लावू द्यायचा नाही. माझ्या वहीतल्या जुन्या मापावर बोट ठेवून म्हणायचा, “सेम सेम, मास्तर. खलास.” ते माप त्याच्या भरातल्या दिवसांचं. मधल्या काळात पोट पुढे आलं होतं, पाठ वाकली होती. पण त्याला हे सांगणार कोण? मग तो दारात आला की मी पुढे होऊन त्याला कडकडून भेटायचो, घरच्यांची खुशाली विचारायचो, आणि तेवढ्यात त्याच्या छातीचं आणि पोटाचं माप माझ्या दंडांना कळायचं. वहीत जुना आकडा तसाच ठेवायचा आणि कापड नव्या आकड्यानं कापायचं. थोब घालून आरशासमोर उभा राहिला की म्हातारा खूश. “देखो! सेम सेम!” अशा गिऱ्हाइकांनी माझी नजर तयार केली. माणूस दारातून टेबलापर्यंत येईस्तोवर त्याचा कुठला खांदा उतरलाय हे मी सांगू शकत असे. गर्व म्हणा हवं तर, पण नजर होती.

सगळ्या दोह्याचं माप डोळ्यांनी घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या मुलीचं माप मात्र पाकिटातून यायचं.

त्याचं असं आहे. आमच्या घरात वाढत्या लेकराला टेप लावत नाहीत. लावला तर वाढ खुंटते, अशी माझ्या आईची समजूत. मग दोऱ्यानं माप घ्यायचं. लेकराच्या खांद्यापासून दोरा सोडायचा, कमरेला एक गाठ, गुडघ्याला एक गाठ, आणि छातीभोवती फिरवून शेवटची. आणि काम झालं की तो दोरा टाकायचा नाही. लेकराच्या मापाचा दोरा कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्याच कपड्याच्या खालच्या दुमडीत तो शिवून टाकायचा. माझी बायको सुमन दरवर्षी पत्रातून शुभीच्या मापाचा दोरा पाठवायची. मी फ्रॉक शिवायचो, दोरा दुमडीत घालायचो आणि कुणी गावाकडे निघालं की त्याच्याबरोबर धाडायचो. एकही फ्रॉक कधी चुकला नाही.

बाप मात्र चुकला. सुट्टी दोन वर्षांनी एकदा मिळायची. मधली एक बुडाली. त्यामुळे ही गोष्ट घडली तेव्हा शुभी नऊ वर्षांची होती आणि तिनं मला शेवटचं पाहिलं होतं ते पाचव्या वर्षी. घरात माझा एक फोटो होता. त्यात मी कोट घालून, मिशी राखून, साहेबासारखा उभा आहे. तो कोट गिऱ्हाइकाचा. ट्रायलसाठी तयार करून ठेवला होता, आणि फोटोवाला गल्लीत आला होता, तेवढा मोह झाला. गिऱ्हाइकाचा कपडा शिंप्यानं अंगावर घालू नये हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, आणि तोच मी मोडला. माझी पोर चार वर्षं त्या कोटाला पप्पा समजून वाढत होती.

अशात एके दिवशी भालेराव साहेब दुकानात आले. ते रास लफानला इंजिनिअर, राहायला ओल्ड एअरपोर्ट नावाच्या भागात, मूळचे पुण्याचे. आमच्या मराठी मंडळाची नाटकं तेच बसवायचे. मंडळाचे पडदे आणि पोरांच्या फॅन्सी ड्रेसचे कपडे मीच शिवत आलो होतो.

“मास्तर, या दिवाळीला एकदम वेगळं करतोय,” ते म्हणाले. “तीनेकशे वर्षांपूर्वीचं फ्रेंच नाटक. कॉमेडी. मराठीत मीच आणलंय. स्टोरी सिंपल आहे. एक सरदार लढाईवर जातो. इकडे त्याची बायको एका देवाच्या मनात भरते. देव काय करतो, हुबेहूब त्या सरदाराचं रूप घेतो आणि त्याच्या घरात जाऊन बसतो.”

“आणि खरा?” आमच्या एका कारागिरानं मशीन थांबवून विचारलं.

“खरा परत येतो, तर त्याला घरात कुणी ओळखेना! बायको म्हणते, तुम्ही तर आत्ता इथेच होतात की. तो शपथा घेतो, पुरावे देतो. पण समोर देव. त्याला सगळंच माहीत. जो पुरावा खरा द्यायला जातो, तो खोट्यानं आधीच दिलेला. म्हणजे बघा, स्वतःच्या दारात उभं राहून मी म्हणजे मीच, हे पटवून द्यायचं!”

आम्ही सगळे खो खो हसलो. मग हळूहळू एकेकाचं हसू आटपलं आणि मशीनं परत सुरू झाली. आम्हां सगळ्यांची बायकापोरं गावाकडे होती.

नाटकाचं नाव फ्रेंच होतं. ते मला तेव्हाही धड उच्चारता आलं नाही, म्हणून लिहीत नाही. माझं काम होतं ते दोन सरदार एकसारखे दाखवण्याचं. खरा सरदार निकम, नाशिकचा, भालेरावांच्याच प्लांटवर. छाती पिंपासारखी आणि डावा खांदा दोन बोटं उतरलेला. देवाचं काम आल्बर्टकडे. तो वसईचा, हॉस्पिटलच्या ऑफिसात नोकरीला. अंगानं काठी, खांदे हँगरसारखे सरळ. दोघांची उंची तेवढी जुळत होती. एकसारख्या दाढ्या लावल्या की चेहऱ्याचं भागत होतं, पण दाढीखाली अख्खं शरीर उरतं ना. भालेराव म्हणाले, एकाच मापाचे गुडघ्यापर्यंतचे झगे शिवा, वर शेला. तेव्हा मी त्यांना माझं ते वाक्य ऐकवलं.

दोन निरनिराळ्या अंगांवर सारखा कपडा घातला की फरक उलट ओरडून दिसतो. म्हणून मी दोन वेगळे झगे कापले. आल्बर्टच्या झग्याला आतून छातीवर आणि पाठीवर कापसाचा थर दिला. निकमच्या झग्याला उभ्या चुण्या घातल्या म्हणजे छाती आवळून दिसेल, आणि डाव्या खांद्यात जाड गादी बसवली म्हणजे तो वर येईल. बाहेरून झगे सख्ख्या भावांसारखे, आतून अगदी परके. घरचा आणि लढाईचा असे प्रत्येकाला दोन दोन, म्हणजे एकूण चार. ट्रायलच्या दिवशी दोघं पाठमोरे उभे राहिले आणि खुद्द निकमच्या बायकोनं आल्बर्टला हाक मारली, “अहो, किल्ली तुमच्याकडे आहे का?” आल्बर्ट वळला तशी ती बिचारी लाजून पार कोपऱ्यात गेली. माझ्या आयुष्यात मला मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी ती.

आता ओळखायचे कसे? त्यासाठी जुनीच सवय कामाला आली. निकमच्या झग्यांच्या दुमडीत लाल दोरा घातला, आल्बर्टच्या हिरवा, आणि प्रत्येकाचं टोक बोटभर बाहेर सोडलं. अंधाऱ्या विंगेतही सापडावं म्हणून.

त्याच महिन्यात आमच्या दुकानाच्या मालकानं मेहेरबानी केली आणि सुमन व शुभीसाठी महिन्याचा व्हिजिट व्हिसा काढून दिला. मंडळातलं एक कुटुंब सुट्टीवर निघालं होतं, त्यांनी ओल्ड एअरपोर्टच्या आपल्या फ्लॅटची किल्ली माझ्या हातात ठेवली. मला आकाश ठेंगणं झालं. शुभीच्या मापाचा दोरा आधीच्या पत्रातून आला होता, शर्टाच्या खिशातच ठेवला होता. पण झग्यांपायी फ्रॉकला हात लावायला सवड होईना. आणि खरं सांगायचं तर सवड हे निमित्त. पोर पहिल्यांदा परदेशात येते, तिला बापानं काचेच्या दुकानातला फ्रॉक घ्यावा, असं फोटोतल्या त्या कोटवाल्याच्या मनात आलं. मी मॉलमध्ये जाऊन गुलाबी, जाळीचा, खोक्यातला फ्रॉक आणला. एवढं नजरेचं कौतुक सांगणारा मी, आणि फ्रॉक खांद्यात बोटभर मोठा निघाला.

विमानतळावर शुभी आईचा हात सोडून धावली ती माझ्या शेजारच्या कोटवाल्या माणसाकडे. “मम्मे, पप्पा हितं हायत!” तो सद्गृहस्थ गडबडला. सुमननं तिला धरून माझ्यापुढे उभं केलं. मी मिशी काढलेला, गळ्यात टेप तसाच राहिलेला. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि नमस्कार केला, पाहुण्याला करतात तसा.

घरी आल्यावर मी खोकं दिलं. तिनं फ्रॉक काढला, उलटा केला आणि खालचा घेर बोटांनी चाचपत चाचपत सगळीकडून फिरवला. मला भरून आलं. शिंप्याची पोर, शिलाई आधी बघणारच! मग तिनं घडी घालून तो परत खोक्यात ठेवला. “चांगला हाय,” म्हणाली.

त्यानंतर आठवडाभर तिनं मला कुठलीच हाक मारली नाही. काही सांगायचं असलं की आईला सांगायची. “त्यास्नी म्हनावं, चहा झालाय.” कॉर्निशला नेलं, समुद्र दाखवला, आईस्क्रीम खाऊ घातलं. माझा हात धरायची नाही, आईचा पदर सोडायची नाही. सुमन म्हणायची, “आवं, व्हईल सवय. लेकरूच हाय.” पण दिवस मोजके होते. महिना संपला की विमान, आणि पुन्हा दोन वर्षं. ही पोर मला पप्पा न म्हणताच परत जाते की काय, या विचारानं मी कापताना दोनदा कापड वाया घालवलं. उभ्या आयुष्यात तसं कधी झालं नव्हतं.

नाटक शुक्रवारी, एका शाळेच्या हॉलमध्ये. शुभी तो गुलाबी फ्रॉक घालून आली होती. मायलेकींना तिसऱ्या रांगेत बसवायला गेलो, ओळखीपाळखी झाल्या, आणि परत येतो तो पडदा वर गेलेला. आल्बर्ट रंगमंचावर होता, देव सरदाराचं रूप घेऊन आला होता. त्याचा डावा खांदा कानाला भिडला होता.

हॉलमध्ये कुजबुज झाली. “हा कुबड्या कोण?” कुणीतरी मोठ्यानं विचारलं. मी मेकअपच्या खोलीत धावलो. तिथे निकम आरशासमोर उभा. आधीच पिंप, त्यात आल्बर्टचा कापूस भरलेला झगा, बटणं तुटायच्या बेतात.

“मास्तर,” तो दबक्या आवाजात म्हणाला, “मी फुगलोय का?”

भालेरावांच्या सौभाग्यवती शैलावहिनी कपड्यांची व्यवस्था बघत होत्या. अतिशय टापटिपीची बाई. “सगळ्यांना कडक इस्त्री केलीय हं मास्तर,” त्या कौतुकानं म्हणाल्या. “आणि तुमचे ते लाल-हिरवे दोरे लोंबत राहिले होते ना, घाईत राहिले असतील, तेही सगळे ओढून काढले. कसं स्वच्छ वाटतंय आता!”

घाईगर्दीत कुठल्याही शिंप्याचे धागे लोंबतात. चांगल्या घरची बाई ते काढणारच. मी सांगून ठेवायला हवं होतं, चूक माझी.

आल्बर्ट आत आला की लगेच निकमला बाहेर जायचं होतं. मधे फक्त नोकरांचा प्रवेश. खऱ्या सरदाराच्या नोकराला त्याचंच रूप घेतलेला दुसरा देव बडवून काढतो आणि ‘तू म्हणजे मी’ असं कबूल करून घेतो, तो. भालेरावांनी विंगेतून त्या दोघांना खूण केली, लांबवा. त्या दिवशी त्या नोकरानं ठरल्याच्या दुप्पट मार खाल्ला. प्रेक्षक हसून लोटपोट होत होते आणि आत आम्ही दोन सरदारांना सोलून एकमेकांच्या झग्यांत कोंबत होतो.

“यल्ला, यल्ला!” भालेराव अरबीत घाई करत कुजबुजत होते.

“मास्तर, यात गादी आहे की उशी?” आल्बर्ट कण्हत म्हणाला. “मघाशी संवाद म्हणताना माझा खांदाच मला ऐकत होता.”

निकम बाहेर गेला तेव्हा त्याची छाती आवळलेली होती आणि दोन्ही खांदे एका रेषेत होते. मघाचा कुबड्या हा खोटा होता, हे प्रेक्षकांना आपोआपच पटलं. पण संकट टळलं नव्हतं. घरच्या झग्यांची दुसरी जोडी अजून बिनखुणेची टांगलेली होती, आणि बदल पुढच्याच प्रवेशानंतर होता. दिवा अपुरा. इस्त्री इतकी चोख की मीच शिवलेले झगे मला ओळखू येईनात. मग मी डोळे मिटले आणि हात आत घातला. आपण घातलेला टाका हाताला कळतो. एकात कापूस लागला, दुसऱ्यात खांद्याची गादी. जमिनीवर बसून मी सुईत लाल दोरा ओवला आणि दुमड उकलली.

“मम्मी म्हनली, देवाचा डावा खांदा वर आलाय.”

दारात शुभी उभी होती. सुमनही शिंप्याचीच लेक. तिसऱ्या रांगेतून तिला खोट दिसली होती आणि तिनं पोरीला मागच्या दारानं निरोप देऊन धाडलं होतं.

“आता बसवला खाली,” मी मान वर न करता म्हणालो. “तिला सांग.”

ती गेली नाही. मी लाल दोरा संपवला, हिरवा घेतला. ती जवळ आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि झग्याची दुमड बोटानं उचलून आत पाहू लागली. खोकं दिलं त्या दिवशी पाहत होती, अगदी तसंच.

“ह्यो कुनाच्या मापाचा?”

“मापाचा नाही गं. खूण आहे. कुठला झगा कुणाचा ते कळावं म्हणून.”

ती म्हणाली, “माज्या फ्रॉकात न्हाई. मी सगळीकडनं बगितलं.”

माझा हात थांबला.

“दरवर्सी असतुय,” ती म्हणाली. “फ्रॉक आला की आदी मी त्योच बगते. मम्मीला बी म्हाईत न्हाई. औंदा न्हवता. मला वाटलं, ह्यो दुसऱ्याच कुनी दिलाय.”

चार वर्षं मला वाटत होतं की पोर त्या फोटोला बाप समजते. ती फोटोपेक्षा दोऱ्याला ओळखत होती, आणि मी नेमका दोराच द्यायचा विसरून कोटवाल्याचा थाट करायला गेलो होतो. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही.

मी शर्टाच्या खिशातून पत्र काढलं आणि घडीतला दोरा तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो उलगडला. तीन गाठी.

“मदली मी मारलीय,” ती म्हणाली. “बाकीच्या मम्मीनं.”

“ती मला पाकीट उघडल्याबरोबर कळली,” मी म्हणालो. “आईची गाठ एवढी घट्ट नसते.”

ती पहिल्यांदा हसली.

नाटक छान रंगलं. चारही झगे ज्याच्या त्याच्या अंगावर गेले. शेवटी दोन्ही सरदार समोरासमोर उभे राहिले तेव्हा हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता झाली. हे मला शैलावहिनींनी नंतर सांगितलं, कारण मी ते पाहिलं नाही. मी मेकअपच्या खोलीत गुडघ्यांवर बसलो होतो. शुभीला खुर्चीवर उभी केली होती. अंगावरच्या कपड्याला टाका घालू नये म्हणतात, आणि घातलाच तर ज्याच्या अंगात कपडा आहे त्यानं दातांत धागा धरावा. तशी ती धागा धरून, फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी उचलून उभी होती. मॉलच्या मशीनची शिलाई उसवून मी त्या गुलाबी दुमडीत तिच्या मापाचा दोरा भरत होतो. खांद्यातलं बोटभरही आत घेतलं होतं.

बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. माइकवरून भालेराव साहेबांचा आवाज आला, की ज्यांच्या हातांनी आज एका माणसाचे दोन केले, त्या मास्तरांनी रंगमंचावर यावं. लोक तालात टाळ्या वाजवू लागले. शैलावहिनी धावत दारात आल्या.

“अहो मास्तर, चला लवकर! तुम्हाला बोलावतायत!”

माझ्या ओठांत सुई होती. शुभीनं दातांतला धागा काढला.

“पप्पा कामात हायत,” ती म्हणाली, आणि धागा परत तोंडात धरला.